सावळी म्हटल्यावर कोण रडतं?

गल्फमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या पलंगाखाली एक खोका असतो. सुट्टीला जाताना न्यायच्या वस्तू त्यात वर्षभर साठत जातात. साबण, टॉर्च, पावडरचे डबे, कुणाच्या तरी मापाची चप्पल. किश्श्यांचंही तसंच होतं. बहरीन सोडून इतकी वर्षं झाली, खोके कधीच रिकामे झाले, पण आमच्या नाटकवाल्यांचे किस्से अजून पलंगाखालीच पडून आहेत. त्या वेळची चार माणसं भेटली की आम्ही एकेक बाहेर काढतो. सुरुवात हसण्याने होते. मग कुणीतरी म्हणतं, "रेजिनाचं नाटक आठवतं का गं?" त्यानंतर मात्र कुणी फारसं हसत नाही.

तरी सुरुवात हसण्यानेच करू. तशीच पद्धत आहे आमची.

*

आमचं मंडळ म्हणजे नोकरी सांभाळून हौस करणाऱ्यांचं. दिग्दर्शक दळवीसर सावंतवाडीकडचे, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. तालमी त्यांच्याच मनामातल्या फ्लॅटवर, गुरुवारी संध्याकाळी, कारण शुक्रवारी सुट्टी. खिडकीतला एसी इतका गुरगुरायचा की संवाद ऐकू यायचे नाहीत. म्हणून तालीम सुरू झाली की एसी बंद. ऑगस्टमध्ये! आम्ही घामाने निथळत प्रेमाचे प्रसंग करायचो आणि एकुलता एक टेबलफॅन सरांकडे तोंड करून फिरायचा.

एकदा कुणीतरी धीर करून म्हणालं, "सर, पंखा जरा इकडे वळवा ना."

सर शांतपणे म्हणाले, "नट तापलेला चालतो. दिग्दर्शकाचं डोकं थंडच लागतं!"

मी प्रॉम्प्टर. दिवसा एका ऑफिसात टाइपिस्ट आणि संध्याकाळी विंगेत उभी राहून दुसऱ्यांचे संवाद पुटपुटणारी. पुटपुटणारी म्हणजे, तशी अपेक्षा असायची. एका प्रयोगानंतर एक गृहस्थ मुद्दाम मागे भेटायला आले आणि म्हणाले, "वहिनी, सगळ्यांत तुमचं काम छान ऐकू आलं!"

मेकअपमन होता परशुराम, मालवणकडचा. दिवसा तो मुहर्रकच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे पेंट मारायचा आणि नाटकाच्या दिवशी आम्हाला. त्याचं एकच तत्त्व होतं, लायटीखाली माणूस उजळ दिसला पाहिजे. त्यासाठी सफेद्याचा डबा त्याच्या पिशवीत कायम. एकदा मी तक्रार केली की थर फार झाला, चेहरा हलेना. तर म्हणाला, "बाय, टोयोटाक दोन कोट मारतंय, तुका तीन. गप बस!"

*

मंडळात दोन रेजिना होत्या. दोघी वसईकडच्या, दोघी ख्रिश्चन. एक हॉटेलच्या रिसेप्शनला, दुसरी हॉस्पिटलात नर्स. निरोप द्यायचा तर गोंधळ व्हायचा. म्हणून एक झाली गोरी रेजिना आणि दुसरी झाली काळी रेजिना. पहिल्याच आठवड्यात झाली आणि शेवटपर्यंत राहिली. फोनवर ती स्वतःसुद्धा सांगायची, "मी काळी रेजिना बोलतेय. दळवीसरांना सांगा, नाइट शिफ्ट आहे, येत नाही."

गोरी रेजिना आमची कायमची नायिका. काळ्या रेजिनाचा आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. म्हणून सर तिला नेहमी एकच काम द्यायचे, विंगेतला आवाज! फोनवरची आई, रेडिओवरची बातमी, दाराआडची शेजारीण, देवळातली आकाशवाणी. इतक्या नाटकांतून ती बोलली, पण प्रेक्षकांना एकदाही दिसली नाही. एकदा तिने सरांना विचारलं, "सर, मला बाहेर कधी काढणार?"

सर म्हणाले, "इंशाल्ला."

गल्फमध्ये इंशाल्लाचा अर्थ काय होतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको; बाकीच्यांनी 'बघू कधीतरी' असं समजावं.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण पुढचं कळायला तो सांगायलाच हवा.

काळ्या रेजिनाचा, म्हणजे इथून पुढे नुसत्या रेजिनाचा, नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला होता. मुलगी फ्लोरी वसईला रेजिनाच्या आईपाशी. त्या काळी फोन म्हणजे ट्रंककॉल, तोही कुणी मेलं किंवा जन्मलं तर. पत्रं उशिरा यायची. म्हणून आम्ही सगळेच कॅसेट भरून पाठवायचो. सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेत पाच-सहा घरांच्या कॅसेटी असायच्या आणि येताना तेवढ्याच यायच्या.

मागच्या सुट्टीत रेजिना फ्लोरी झोपेत असतानाच पहाटे निघाली होती. उठवलं तर निघता येणार नाही म्हणून. सकाळी पोरीने सगळं घर शोधलं, विहिरीपर्यंत जाऊन आली. तेव्हापासून ती कॅसेटमध्ये बोलायची बंद झाली.

कॅसेट आली की रेजिना मला तिच्या हॉस्टेलच्या खोलीवर बोलवायची. तिची आई बोलायची. बोली वसईकडची, मला निम्मीच कळायची. चर्च, नारळ, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. मग आवाज यायचा, "फ्लोरी, ये. मम्मीशी बोल." पुढे नुसती शांतता. कोंबड्या, पाण्याचा पंप, लांबून कुणाची तरी हाक. मग म्हातारी म्हणायची, "नाय बोलत गं. पुढच्या टायमाला बोलेल."

रेजिना तेवढी शांतता परत मागे घ्यायची. परत लावायची. कान टेपरेकॉर्डरला चिकटवून म्हणायची, "हे बघ. इथे. इथे ती श्वास घेते."

मला पंपाशिवाय काही ऐकू यायचं नाही. तरी मी हो म्हणायची.

*

परशुराम गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात आमच्या नाटकाची तिकिटं मारायचा. गाडीचा रंग वाळेपर्यंत गिऱ्हाईक कुठे पळणार? असंच एक गिऱ्हाईक म्हणजे मिसेस बेल. अमेरिकन, उंच, पन्नाशीची, रंगाने आमच्या रेजिनापेक्षाही काळी. नवरा नेव्हीत, घर जुफैरला. तिचा दरवाजा घासला गेला होता, म्हणजे गाडीचा. तिने दरवाजा रंगवून घेतला आणि तिकीटही घेतलं.

मराठीचं अक्षर कळत नसताना ती पहिल्या रांगेत बसून तिन्ही अंक बघत होती. प्रयोगानंतर मागे आली. गोरी रेजिना सवयीने पुढे झाली, हसून 'थँक यू' म्हणायच्या तयारीत. मिसेस बेल तिच्या पलीकडे बघत म्हणाली, "फोनवर एक आई बोलत होती. ती कुठे आहे?"

रेजिना कोपऱ्यात कपांत चहा ओतत होती. किटली हातात घेऊनच वळली.

मिसेस बेल म्हणाली, "मला एक शब्द कळला नाही. पण तू फोन ठेवलास तेव्हा मला घरी जावंसं वाटलं."

दळवीसरांनी हे ऐकलं आणि मला कानात विचारलं, "म्हणजे नाटक तिला आवडलं की नाही?"

*

मिसेस बेल स्वतः नाटकं लिहायची. तिच्याच लोकांतल्या बायकांची. काळ्या बायकांची आयुष्यं, तिने पाहिलेली. तिच्या एका नाटकात तीन बाया होत्या. एक कपडे धुणारी, एक हॉस्पिटलात लादी पुसणारी आणि एक गोऱ्यांच्या घरी राहून स्वयंपाक करणारी, त्यांची पोरं वाढवणारी. तिची स्वतःची मुलगी लांब आजीपाशी. "ही तिसरी माझी आई," मिसेस बेल म्हणाली. "आणि ती लांबची मुलगी मी."

त्या तिसरीचं एक मोठं स्वगत होतं. परक्या स्वयंपाकघरात पीठ मळता मळता ती लांबच्या मुलीला प्रश्न विचारते. जेवलीस का? केस कुणी विंचरले? रात्री भीती वाटते का? मुलगी तिथे नसते, त्यामुळे उत्तर येत नाही. ती थोडं थांबते आणि पुढचा प्रश्न विचारते. शेवटचा प्रश्न असा, की तुला कुणी काळी म्हटलं तर काय सांगशील? आणि मग आईच उत्तर शिकवते, "सांग, हा रंग माझ्या आईचा आहे."

सरांना नाटक फारच आवडलं. दोन महिने खपून त्यांनी मराठी केलं आणि नाव ठेवलं 'परक्या चुलीपाशी'. वाचनाला मिसेस बेल आली होती. मी शेजारी बसून तिला इंग्रजीत सांगत होते.

तिसऱ्या पानावर तिने मला थांबवलं. "हा एक शब्द सारखा येतो. सावळी. याचा अर्थ काय?"

मी म्हणाले, "म्हणजे... डस्की. ढगासारखा रंग. आमच्या एका देवाचा असतो तसा."

"मी लिहिलंय ब्लॅक. ब्लॅकला तुमच्यात शब्द नाही?"

खोलीत एकदम शांतता. एसी बंदच होता, त्यामुळे शांतता फारच ऐकू आली. सर चष्मा पुसू लागले. परशुराम छताकडे बघू लागला. रेजिनाकडे तेवढं कुणी बघेना.

रेजिनाच बोलली. "आहे ना मॅडम. काळी. इथल्या सगळ्यांना पाठ आहे."

सर घाईघाईने म्हणाले, "अगं, नायिका आहे ती! नायिकेला काळी कसं म्हणायचं? स्टेजवर बरं वाटत नाही. सावळी म्हणजे तेच, पण मायेने."

रेजिना म्हणाली, "सर, सावळी म्हणतात ते स्थळ आणताना. पोरीला रडवायचं असेल तर काळीच म्हणतात. त्या आईने मुलीला उत्तर शिकवून ठेवलंय ते कशासाठी? सावळी म्हटल्यावर कोण रडतं?"

सरांनी पेन काढलं आणि एकेक पान उलटून सगळीकडे 'सावळी' खोडलं. वाचन पुढे चालू झालं. परशुराम उठून टेबलफॅन रेजिनाच्या बाजूला वळवून आला.

*

एवढं होऊनही तिसऱ्या बाईचं काम कुणाला दिलं असेल? गोऱ्या रेजिनाला! नायिका म्हणजे गोरी रेजिना, हे इतकं ठरलेलं होतं की त्यात सरांना काही विचित्रच वाटलं नाही. ते परशुरामला म्हणाले, "रंग तेवढा काळा लाव."

परशुराम धंद्यातला माणूस. त्याने गंभीरपणे विचारलं, "मॅट की ग्लॉस?"

पुढच्या तालमीला तो नमुना घेऊन आला. गोऱ्या रेजिनाच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काळपट पट्टा ओढला, लांबून बघितला, मान हलवली. एवढ्यात मिसेस बेल दारात. ती आली, तिने तो हात आपल्या हातात घेतला, पर्समधला रुमाल पाण्यात बुडवून हळूहळू पट्टा पुसून काढला. चिडली नाही, आवाज चढवला नाही. लहान मुलाचा हात पुसावा तसा पुसला.

मग म्हणाली, "हा निघतो. माझ्या नाटकातल्या बाईचा निघत नाही."

गोरी रेजिना मनाने चांगली पोरगी. तिनेच विषय संपवला. "सर, मी मालकीण करते ना! गोरी बाई पाहिजेच आहे एक. मेकअपही वाचेल आणि संवादही कमी!"

आणि इतक्या वर्षांच्या नाटकांनंतर काळी रेजिना विंगेतून बाहेर आली.

*

मधे एक बिस्किटांचा घोटाळा झाला तोही सांगते. मूळ नाटकात ती बाई सकाळी उठून मालकांसाठी बिस्किटं करते. सरांनी इमानदारीत 'बिस्किटं' लिहिलं. त्यामुळे नव्या नायिकेच्या पहिल्या तालमीत प्रवेश सुरू होतो तर काय, रेजिना डोळ्यांत पाणी आणून ग्लुकोज बिस्किटाचा पुडा फोडतेय!

मिसेस बेल हसून हसून खुर्चीतून घसरली. मग तिने डोळे पुसत समजावलं की त्यांच्याकडे बिस्किटं म्हणजे पहाटे पीठ मळून भट्टीत भाजलेल्या जाड, मऊ पुऱ्याच असतात.

सरांनी विचार करून बिस्किटांच्या भाकऱ्या केल्या. रेजिना पीठ मळायला बसली. वसईची बाई ती, तांदळाचं पीठ तिच्या हातात आपोआप फिरू लागलं. मिसेस बेल बघत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "माझ्या आईचा अंगठा असाच वळायचा."

आम्ही तालीम तशीच पुढे चालू ठेवली.

*

रेजिनाच्या शिफ्टमुळे तालमी चुकायच्या. म्हणून तिने एक युक्ती केली. स्वगत स्वतःच्याच आवाजात कॅसेटवर भरून ठेवलं, खोलीत काम करता करता ऐकून पाठ करायला. सरांनी सांगितलेल्या थांबण्याच्या जागाही नीट सोडल्या. प्रत्येक प्रश्नानंतर मनात एक, दोन, तीन.

त्याच आठवड्यात गोऱ्या रेजिनाचा नवरा आंतोन सुट्टीवर निघाला. रेजिनाने घरची कॅसेट भरून त्याच्याकडे दिली. आणि दोन दिवसांनी ती स्वगत पाठ करायला बसली, टेप लावला, तर आतून आवाज आला, "आई, छत गळतं का अजून? कौलं बदलून घे."

नाटकाची कॅसेट वसईला पोचली होती!

मग एका संध्याकाळी हॉस्टेलवर ट्रंककॉल आला. मी तिथेच होते, तिचे संवाद पाठ करून घ्यायला आले होते. म्हातारी एवढ्या जोरात ओरडत होती की फोनची गरज नसावी.

"खरं सांग रेजिना, तिकडे नर्स आहेस की कुणाच्या घरी चुलीपाशी?"

"आई, नाटक आहे ते!"

"कुणाची पोरं वाढवतेस? आम्हाला खोटं सांगितलंस ना? फादरना ऐकवली मी कॅसेट. तेही रडले."

"आई, ऐक तर. नाटक आहे!"

"नाटकं करायला गेलीस होय बहरीनला?"

हॉस्टेलच्या जिन्यात आम्ही हसू दाबत उभ्या. रेजिनाही हसत होती. मग तिने विचारलं, "आई, फ्लोरीने ऐकली का?"

म्हातारीचा आवाज खाली आला. "रोज ऐकते. शाळेतून आली की लावते. आम्हाला हात लावू देत नाय."

"तिला दे ना फोन."

"इथेच उभी आहे. नको म्हणते."

वेळ संपली आणि लाइन कट झाली. रेजिना रिसीव्हर कानाला तसाच धरून उभी राहिली. मी म्हटलं, "चल, खोलीवर जाऊ." ती म्हणाली, "जरा थांब." रिसीव्हरमधून नुसता टूं आवाज येत होता आणि ती तोही ऐकत होती.

*

रंगीत तालमीचा दिवस. आमच्याकडे रंगीत तालीम म्हणजे खरोखरच रंगीत, कारण परशुरामचा डबा त्या दिवशी पहिल्यांदा उघडायचा. तो एकेकाला खुर्चीत बसवत होता, तोंडाने गॅरेजच्या गप्पा चालू, हात आपोआप चालू. मालकीण झाली, धोबीण झाली, लादीवाली झाली. मग रेजिना बसली.

थोड्या वेळाने ती आरशात बघून म्हणाली, "परशुरामभाऊ, ही कोण?"

परशुरामने बघितलं आणि त्याच्या हातातला स्पंज खाली पडला. नेहमीच्या सवयीने त्याने तिला दोन कोट सफेदा मारला होता! काळ्या बाईच्या नाटकातली काळी बाई, लग्नाला उभी केल्यासारखी पांढरीफटक.

"आवशीक!" तो म्हणाला. "हाताक सवय पडली हा गे बाय. लायटी तोंड खातत म्हणान..."

रेजिना आरशातून डोळे काढेना. मला म्हणाली, "सुमन, मला बघायला आले होते ना, त्यांच्यासमोर मला अशी बसवली असती तर पहिल्यांदाच हो म्हणाले असते." हसत म्हणाली. आम्हाला कुणाला हसता आलं नाही.

परशुराम खोबरेल आणि कापूस घेऊन पुसायला लागला. अर्धा चेहरा झाला असेल, तेवढ्यात मिसेस बेल आत आली. रेजिनाचा एक गाल पांढरा, एक तिचा स्वतःचा. परशुराम तेलाचे हात घेऊन उभा, आता काय ऐकावं लागणार म्हणून मान खाली.

मिसेस बेल स्टुलावर बसली आणि म्हणाली, "फोटो काढायच्या दिवशी माझी आई मालकिणीची पावडर मागून लावायची. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे. त्यात ती नाही."

परशुरामने मला विचारलं, "काय म्हणता ती?" मी सांगितलं.

तो उरलेला अर्धा गाल फार सांभाळून पुसत राहिला, गाडीच्या काचेवर हात फिरवताना फिरवायचा तसा. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "खलास." त्या नाटकात त्याने रेजिनाला परत रंग लावला नाही. मधे मधे घाम तेवढा टिपून द्यायचा.

*

आता शेवटचा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आंतोन सुट्टीवरून परत आला आणि विमानतळावरून बॅगेसकट थेट हॉलवर आला. बायको स्टेजवर असणार, घरी जाऊन करणार काय? त्याने रेजिनाच्या हातात एक कॅसेट ठेवली. म्हणाला, "तुझ्या आईने दिली. शेजाऱ्यांचा टेप आणून भरलीय. दोन दोन टेप लावून काहीतरी केलंय पोरीने, मला कळलं नाही."

पार्श्वसंगीतासाठी मेकअपच्या खोलीत टेपरेकॉर्डर होताच. रेजिनाने कॅसेट घातली. मी तिच्या साडीच्या, नाही, तिच्या झग्याच्या निऱ्या टाचत होते. आधी कोंबड्या आल्या. मग पंप. मग रेजिनाचाच आवाज आला, लांबून, दुसऱ्या टेपमधून आल्यासारखा बसका.

"जेवलीस का गं?"

मग ती मोजून सोडलेली शांतता. आणि त्या शांततेत, टेपच्या अगदी जवळून, एक बारीक आवाज.

"हो. पेज."

रेजिनाने माझा हात पकडला. टाचणी माझ्या बोटात गेली ते मला नंतर कळलं.

"केस कुणी विंचरले?"

"मीच."

बाहेर दुसरी घंटा झाली. सर दारावर थापा मारत ओरडत होते, "यल्ला, यल्ला, चला! प्रॉम्प्टर कुठे आहे?" मला जावं लागलं. दार लोटताना मागे पाहिलं तर रेजिना टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, कान त्याला लावून बसली होती. पुढचं काय होतं ते मी ऐकलं नाही.

पडदा उघडला. हॉल भरलेला. मिसेस बेल पहिल्या रांगेत, तिच्या आईचा तो फोटो पर्समध्ये घेऊन आलेली, मला दाखवला होता. धोबीण झाली, लादीवाली झाली. मग रेजिना आली, परातीत पीठ घेऊन खाली बसली आणि मळू लागली. प्रेक्षकांतून कुजबुज झाली. रोजच्या ओळखीचा तो फोनवरचा आवाज दिसतो कसा, हे लोकांना पहिल्यांदाच कळत होतं.

"जेवलीस का गं?"

मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. रेजिना पुढे गेली नाही. पीठ मळत राहिली, जराशी मान कलती करून. मग बोलली, "केस कुणी विंचरले?" परत तसंच. प्रत्येक प्रश्नानंतर ती जास्त थांबत होती. समोरच्या विंगेतून सर हात फिरवत होते, पुढे चल, पुढे चल. एवढी तालीम करून बाई वाक्यं विसरली, असं मलाही वाटलं.

"रात्री भीती वाटते का?"

थांबली. मान हलवली. पीठ मळलं.

"तुला कुणी काळी म्हटलं, तर काय सांगशील?"

मी मोजलं. तीन झाले, पाच झाले, दहा झाले. रेजिना पिठावरचे हात थांबवून बसलेली, समोर कुठेतरी बघत. सर विंगेत कपाळाला हात लावून उभे. मी हळूच वाक्य सोडलं, "सांग, हा रंग माझ्या आईचा आहे." ती हलली नाही. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. या वेळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

रेजिनाने विंगेकडे मान वळवली. भर प्रयोगात, सगळ्यांसमोर, पिठाने माखलेला हात वर केला आणि मला म्हणाली, "थांब गं सुमन. ती बोलतेय."